सरकारबाईची दाढ

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
१४ नोव्हेंबर २०२५

ती. वन्सं,

पाया पडते. समोर असता तर पाय मागं घेतले असतेत, म्हणून पत्रातच पडते.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे न वाचताच कपाटात टाकाल, असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, टाकू देत. फोन नाही उचलला तर वाजून वाजून गप्प होतो. पत्र कुठं जात नाही, पडून राहतं. शुक्रवार पेठेतून शिवाजी पेठेत पोस्टानं पत्र पाठवणारी मीच पहिली असेन. पोस्टमन हसला तर हसू दे.

इकडं सगळं बरं. तुमच्या भावाची ढेरी आता शर्टाच्या बटणांशी भांडते. राजनंदिनी आठवीत गेली, उंचीनं माझ्या कानाला लागली, आणि बोलायला लागली की अगदी तुमच्यासारखी, समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. भाऊबीजेला ह्यांच्याकडं दिलेल्या डब्यातली कडबोळी तिच्यासाठी होती असं कळलं. मी पण खाल्ली. सांगून टाकलेलं बरं.

माझा शिवणक्लास चांगला चाललाय. शनिवारी दुपारी मशीन बंद ठेवतो आणि हातशिलाई करतो. साड्यांना फॉल, ब्लाउजना हुकं. सात-आठ बायका सतरंजीवर गोल करून बसतो. त्यात अंबूबाई म्हणून एक आहेत, कोडोलीच्या माहेरवाशीण, सत्तरीला टेकलेल्या. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही आणि तोंड बंद ठेवता येत नाही. गौराबाई आहेत, चहाची गाडी लावतात. त्यांचा आवाज गाडीवरचाच, घरात बसल्या तरी तेवढाच. आणि दानेश्वरी, आमच्या गल्लीतली नवी सून, सीमेपलीकडची, कानडी. बाळ घेऊन येते. ते बाळ टेप ओढतं, खडू खातं आणि सगळ्यांच्या मांडीवर फिरून येतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. म्हणजे गोष्टच.

शनिवारी काम करताना टीव्ही लावायचो. एका मालिकेत एक बाई आहे, भरजरी साडी नेसून सकाळपासून रात्रीपर्यंत सुनेचं वाईट चिंतते. एकदा अंबूबाईंनी टीव्हीच बंद केला.

"ही बाई खोटी हाय," त्या म्हणाल्या. "दिवसभर नुसती कट करत बसती व्हय कोण? हिला भांडी न्हायत घासायला?"

गौराबाई म्हणाल्या, "मग तुम्ही सांगा की खरी गोष्ट."

त्यातून ठरलं की आपणच एक गोष्ट करायची. दर शनिवारी एकीनं पुढं न्यायची. लिहायचं काही नाही, तोंडानंच सांगायची. क्लास माझा, म्हणून सुरुवात माझी.

वन्सं, मी काय सांगितलं ते लिहिते. एका गावात महापूर येतो. एक आई आपल्या पोरीला कडेवर घेऊन, कमरेएवढ्या पाण्यातून वाट काढत, उंचावरच्या एका घरी जाते. घर नात्यातलं. त्या घरात राहते सरकारबाई. कोपरापर्यंत बांगड्या, नाकात ही एवढी नथ. आई दाराची कडी वाजवते. दारात चपला आहेत, म्हणजे आत माणूस आहे. खिडकीचा पडदा हलतो. सरकारबाई बघते, कोण आलंय ते ओळखते आणि पडदा ओढून घेते. दार काही उघडत नाही.

मी छान रंगवून सांगितलं. बायकांच्या सुया थांबल्या. "अगं बाई, काय तरी एकेक माणूस!" असं सगळ्या म्हणाल्या, तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरी गेल्यावर मी शिरा केला. हे म्हणाले, आज काय आहे? म्हटलं, काही नाही, रवा होता.

पुढच्या शनिवारी दानेश्वरीची पाळी. ती म्हणाली, "अक्का, सरकारबाई त्या घरात नवीन होती."

मी म्हटलं, "नवीन कशी? पंचेचाळीशीची आहे ती."

"असं तुम्ही सांगितलं नव्हतं. माझ्या गोष्टीत नवीनच. विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही असं तिला सांगितलेलं. मी इथं आले तेव्हा एकजण दारात येऊन 'पावणं हायत का?' म्हणाला. मला वाटलं पावणं म्हणजे काहीतरी विकायला आणलंय. नको म्हणून दार लावून घेतलं. ते आमच्या ह्यांचे मामा होते!"

बायका हसून हसून लोळल्या. आणि माझी सरकारबाई बघता बघता अठरा वर्षांची, भाषा न कळणारी, दारामागं थरथरत उभी असलेली पोरगी झाली. बांगड्यासुद्धा दानेश्वरीनं काचेच्या करून टाकल्या.

मग गौराबाई. येतानाच ओरडत आल्या, "काळजी करू नगंस अनुजा, मी करते तिला बरोबर दुष्ट!" सुरुवातही झकास केली. सरकारबाईनं त्या आईच्या अंगावर कुत्रं सोडलं. मी खूश. पण कुत्रं आईपाशी गेलं आणि शेपूट हलवत बसलं, कारण गौराबाईंच्या मनात त्यांचं स्वतःचं कुत्रं होतं आणि ते कुणाला चावत नाही. मग त्यांनी सरकारबाईला खिडकीत आणलं, आणि एकदम थांबल्या.

"तिची दाढ दुखत होती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दाढ. गाल हा एवढा सुजलेला. पुरात डॉक्टर कुठला मिळायला? लवंग धरून बसलेली बिचारी. दाढ दुखत असली तर मी माझ्या आईलाबी दार उघडणार न्हाय, सांगून ठेवते."

मग काय, गोष्ट राहिली बाजूला आणि दाढेवरचे उपाय सुरू झाले. कुणी हिंग सांगितला, कुणी मिठाचं पाणी. एकीनं तर शपथेवर सांगितलं की पेरूची पानं चावली की उतार पडतो. वन्सं, जी बाई अस्तित्वातच नाही, तिच्या दाढेसाठी माझ्या क्लासात अर्धा तास वाद चालला होता! मी हुकं लावत बसले होते आणि एकही हुक सरळ लागत नव्हतं.

त्यानंतरच्या शनिवारी मी पाळी नसताना बोलले. म्हटलं, "दाढ नाही, नवीन सून नाही, काही नाही. ती बाई मुळातच वाईट होती. काही माणसं असतात तशी. संपली गोष्ट."

सगळ्यांनी माना वर केल्या. बाळ तेवढं टेप आपटत होतं.

अंबूबाईंनी हातातला ब्लाउज खाली ठेवला. "कोण हाय ही बाई?"

"कोण म्हणजे? गोष्टीतली."

"गोष्टीतल्या बाईवर कुणी एवढं चिडत न्हाय. तिनं दार उघडलं न्हाय, एवढंच तुला ठावं हाय. नथ, बांगड्या, पडदा ओढणं, हे सगळं तू शिवलंयस."

"पडदा हलला होता, अंबूबाई. मी स्वतः बघितलाय."

तोंडातून गेलं ते गेलंच.

मग आमचं खरंखुरं भांडण झालं. अंबूबाई म्हणाल्या, त्या बाईच्या वतीनं मी भांडते. मी म्हटलं, तुम्ही तिला बघितलेलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, म्हणून तर भांडते, बघितलं असतं तर माझंबी काहीतरी वाकडं झालं असतं तिच्याशी. गौराबाईंनी मध्येच विचारलं, "मग जगात वाईट माणूस न्हाईच म्हणता? आमचा शेजारी नळाला मोटर लावतो, तो?"

"त्यालाबी तहान लागती की," अंबूबाई म्हणाल्या.

"त्याला आख्ख्या गल्लीची तहान लागती!"

सगळ्या हसल्या, मी सोडून. अंबूबाईंनी दानेश्वरीचं बाळ उचललं आणि माझ्या मांडीवर टाकलं. "हे बघ. ह्यानं आत्ता माझा चष्मा मोडला. ह्याच्या मनात काय होतं? काय न्हाय, चमकणारं काहीतरी धरायचं होतं. आपण मोठ्या झालो म्हणून फार वेगळ्या झालो, असं समजू नगंस."

बाळानं माझं नाक धरलं. मला राग धरता येईना.

त्या संध्याकाळी हे वैरण आणायला गेले होते म्हणून... नाही वन्सं, खोटं कशाला लिहू. आमच्याकडं जनावर आहे कुठं वैरण आणायला? मी मुद्दाम, एकटीच, गंगावेशीत आले. दर शनिवारी संध्याकाळी तुम्ही तिथं कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला येता, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच इतकी वर्षं मी शनिवारी त्या बाजूला फिरकत नव्हते.

तुम्ही म्हशीशेजारी उभ्या होतात. निळी काठाची साडी, हातात फेसाचा ग्लास. गवळ्याला काहीतरी सुनावत होतात, तो हसत होता. आधी एका म्हाताऱ्याला तुमचा ग्लास दिलात, मग दुसरा भरून घेतलात. एका दमात प्यायलात आणि मान वर केलीत, तर वरच्या ओठावर पांढरी मिशी! जाड, दोन्ही बाजूंनी वळलेली. तुम्हाला पत्ताच नव्हता. तशाच तुम्ही गवळ्याला दरडावत राहिलात.

मी फुलवाल्याच्या आडोशाला उभी राहून तोंडात पदर घालून हसले. केवढे दिवस झाले होते असं हसून! दुधाची मिशी आलेल्या बाईला मी दुष्ट कशी म्हणू? जमेचना. एवढं मेहनतीनं केलेलं सगळं माझ्या हातून त्या रस्त्यावर सांडलं, आणि वाईटही वाटलं नाही.

पुढं येऊन हाक मारावी असं पायांना वाटत होतं. जीभ तयार नव्हती. म्हणून हे पत्र.

तर वन्सं, एकोणीस सालच्या पुरातल्या त्या दुपारी मी तुमच्या दारात होते. हे बोटीवर लोकांना काढायला गेलेले. आमच्या घरात पाणी शिरलेलं. राजनंदिनी कडेवर, दोघी नखशिखांत भिजलेल्या. डोक्यात एकच होतं, वन्संच्या घरी पोचलं की झालं. वाटेत पोरीला सांगत होते, आत्या गरम दूध देईल. पुष्कळ वेळ कडी वाजवली. नंतर आम्ही शाळेतल्या छावणीत गेलो. तिथं मला सगळं मिळालं. जेवण, सतरंजी, कोरडी साडी. पण मला तुमचं दार हवं होतं. माझी आई गेल्यापासून मला माहेर म्हणून जे काय होतं ते तुमचं घर होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. म्हणून एवढं लागलं. परक्यानं दार नसतं उघडलं तर मी पुढच्या गल्लीपर्यंत विसरले असते.

परवा राजनंदिनीला विचारलं, तुला आठवतं का गं काही? ती म्हणाली, "आठवतं की! आई, ती माझी सगळ्यात भारी सहल होती. चाळीस पोरी एका खोलीत! रोज खिचडी आणि गाण्याच्या भेंड्या." बघा. मी जो दिवस इतकी वर्षं विष म्हणून जपला, तो तिच्याकडं सहल म्हणून आहे.

आता अडचण अशी की आमची गोष्ट अडली आहे. अंबूबाई म्हणतात, शेवट सरकारबाईनं स्वतः सांगितल्याशिवाय आम्ही पुढं जाणार नाही. मी म्हटलं, त्यांनी नाही सांगितलं तर? "नसू दे. येऊन बसली तरी चालंल," म्हणाल्या.

तुम्ही का उघडलं नाहीत ते विचारायला मी लिहीत नाही. विचारायचं असतं तर त्याच आठवड्यात विचारलं असतं. मला कारण नको. दाढ दुखत होती असं सांगितलंत तरी मी पेरूची पानं घेऊन येईन.

शनिवारी दुपारी आम्ही असतो. दार उघडंच असतं, बायकांची ये-जा असते.

मला तुमची फार आठवण येते.

तुमची,
अनुजा


शिवाजी पेठ
१९ नोव्हेंबर

अनू,

तुझं पत्र पोचलं. कपाटात टाकलं न्हाय. जिन्यातच उभी राहून वाचलं. तुझ्या गौराबाईच्या दाढेपाशी आले आणि एवढी हसले की हे खालनं विचारायला लागले, एकटीच काय हसत्येस, बरी हायस न्हवं?

मी शाळेत असताना निबंधाला नापास झालते, त्यामुळं जसं जमेल तसं लिहिते. समजून घे.

तू विचारणार न्हाय म्हणत्येस. न विचारता सांगते. विचारायची वाट बघत बसले होते तेच चुकलं.

त्या दिवशी मी घरातच होते. कडीबी ऐकली. हे बिद्रीला अडकलेले, रस्ते सगळे बंद. घरात मी आणि मामंजी. त्यांचं तुला ठावंच हाय, तेव्हा त्यांना मी कोण, दिवस कुठला, काय कळत नव्हतं. मी चुलीपाशी होते तोवर ते एकटेच मोरीत गेले आणि पडले. डोकं फुटलं. मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसलेली, एका हातानं जखम दाबलेली, आणि तेवढ्यात कडी वाजली. हात काढला की रक्त थांबेना. मी ओरडत होते, थांबा, थांबा म्हणून. पण पत्र्यावर असला पाऊस की माझा आवाज मलाच ऐकू येईना. पडद्याचं म्हणशील तर त्या खिडकीची काच आजबी फुटकीच हाय. वाऱ्यानं हलतो. येऊन बघ.

दार उघडलं तेव्हा पायरीवर पाणी साचलेलं. माणूस न्हाय. कोपऱ्यापर्यंत अनवाणी पळत गेले. कोण आलतं तेबी मला कळलं न्हवतं.

दुसऱ्या दिवशी समजलं, तू आलतीस आणि शाळेत हायस. मी डबा भरला. पिशवीत राजनंदिनीसाठी आमच्या सम्राटचे लहानपणीचे कपडे घातले. तेवढ्यात एक शेजारीण सांगत आली, अनुजा म्हणत होती वन्संनी बघून पडदा ओढला. अनू, माझा पाय उंबऱ्यातच थांबला. म्हटलं, ही मला आक्का म्हणून माझ्या गळ्यात पडून रडलेली पोरगी. हिला माझ्याबद्दल असं वाटूच कसं शकलं? डबा परत आत गेला. माझ्या भावाला, धैर्यशीललाबी सांगितलं न्हाय. म्हटलं, तिनं येऊन विचारावं. मग तू विचारलं न्हाईस आणि मी सांगितलं न्हाय. दोघीबी तेवढ्याच शाण्या.

पण एक लिहिते. तुझ्यावरचा राग तर पत्र वाचताना कुठं गेला ते कळलंच न्हाय. डोळ्याला पाणी आलं ते दुसऱ्याच जागी. ती अंबूबाई. तिनं मला बघितलं न्हाय, माझं नाव तिला ठावं न्हाय, आणि ती माझ्यासाठी तुझ्याशी भांडली. ती दुसरी, मला दारामागं थरथरत उभी करणारी नवी सून. आणि ती दाढवाली. इतकी वर्षं मला वाटत होतं, सगळं कोल्हापूर मला दार न उघडलेली बाई म्हणून बघतंय. आणि तुझ्या सतरंजीवर बसून बायका माझ्यासाठी कारणं शोधत होत्या. खऱ्यापेक्षा चांगली चांगली. तिथं मी पत्र खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन जरा वेळ बसले. मग चहा केला आणि परत पहिल्यापासून वाचलं.

दुधाच्या मिशीचं मात्र मला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. गवळी मेला दर शनिवारी हसतोय, मला वाटत होतं मला भितो म्हणून हसतो.

शनिवारी येते. सात-आठ बायका असतात म्हणत्येस, त्या अंदाजानं आंबोळ्या करून आणते. राजनंदिनीला शाळेतनं लवकर आण.

आणि एक काम हाय त्या गोष्टीकडं. आमचा बाळासो, माझा धाकटा दीर. मामंजींच्या आजारपणात एकदा म्हणून आला न्हाय. शेवटच्या दिवसात ते सारखं त्याचंच नाव घ्यायचे, आणि हा पुण्यात. माती द्यायला आला तो पाहुण्यासारखा आला, पाहुण्यासारखा गेला. त्याचा फोन येतो, मी घेत न्हाय. तुझं पत्र वाचल्यापासून तो सारखा डोळ्यासमोर येतोय. पुढच्या गोष्टीत त्याला घालूया. सुरुवात मी करणार.

फक्त अंबूबाईंना आधी सांगून ठेव, लई घाई करू नका म्हणावं. एक शनिवार तरी मला त्याच्यावर मनासारखं चिडून घेऊ द्या.

शनिवारी येणारी,
तुझी आक्का